हमीदला मी खाली बसवलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कोल्हापुरातल्या थोरल्या भावाला नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या हमीदला तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही अनोळखी आहात म्हणून असेल — निदान पुढच्या मॅचला तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसणार नाही.

गोष्ट फुटबॉलची आहे. म्हणजे फार काही नाही, असं मी स्वतःला कितीतरी दिवस समजावत आलो. कुणाची जमीन लाटली नाही, कुणाचं घर मोडलं नाही. एका लहानशा स्टेडियममध्ये गोलच्या मागे लोकांनी बसावं की उभं राहावं, एवढाच काय तो प्रश्न. त्यात खोटं बोलण्यासारखं काय असतं? असतं हो. बोलायचंच असलं की माणसाला कशातही सापडतं.

आधी हमीदबद्दल सांगतो. ते सांगायला मला आवडतं, आणि पुढचं जेवढं लांबेल तेवढं बरं. मी जहाजांच्या इंजिनांत आयुष्य काढलं. समुद्र सोडल्यावर सिंगापूरला, सेम्बावांगकडच्या एका जहाजदुरुस्ती यार्डात लागलो. तिथे सेफ्टीचं काम बघायला हा होता. मलय माणूस, इथेच जन्मलेला, पोट पुढे, चाल तुरुतुरु, आणि आवाज असा की कोरड्या गोदीच्या तळाशी उभ्या माणसाला वरून हाक मारायला त्याला वायरलेस लागायचा नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने हेल्मेटचा पट्टा बांधला नाही म्हणून मला सगळ्यांसमोर झापलं. दुपारी आपल्या डब्यातला अर्धा भात माझ्यापुढे सरकवला. संध्याकाळी कळलं की आम्ही राहतो एकाच ब्लॉकमध्ये. आणि मग कळलं की तो फुटबॉलवेडा आहे.

आता कोल्हापूरचा माणूस फुटबॉलवर गप्प बसेल का? देशात सगळीकडे क्रिकेट, आणि आमच्या गावात पेठापेठांचे फुटबॉल संघ — हे ऐकून हमीदचे डोळे चमकले. मला तेवढंच पुरे होतं. मी त्याला सांगितलं, दुपारच्या उन्हात आम्ही पायऱ्यांवर दाटीवाटीने उभे राहायचो, खांद्याला खांदा लावून, घसा बसेपर्यंत ओरडायचो. बसून मॅच बघणारा म्हणजे जेवून आलेला पाहुणा, असंही वर ठोकून दिलं. वर्षानुवर्षं मी हे सांगितलं, दर वेळी मीठमसाला वाढवून. त्याने दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. असा मित्र मिळायला नशीब लागतं, खरंच लागतं.

आम्ही ज्या क्लबच्या मॅचेसना जातो तो फार मोठा नाही. स्टेडियमच्या तीन बाजूंना घरांच्या उंच इमारती, लोक बाल्कनीत कपडे वाळत घालताघालता फुकट मॅच बघतात. आत सगळीकडे प्लास्टिकच्या खुर्च्या. आणि हमीदला बसून गाता येत नाही. चढाई सुरू झाली की तो उठायचा, गाणं सुरू करायचा, मागच्या लोकांना दिसेनासं व्हायचं, मग स्टेडियमचं जाकीट घातलेली एक मुलगी येऊन अदबीने म्हणायची, “अंकल, प्लीज सिट.” हा “सॉरी, सॉरी” म्हणत बसायचा. पुढच्या कॉर्नरला परत उभा. लहानपणी त्याच्या वडिलांनी त्याला उभ्या गर्दीतच फुटबॉल दाखवला होता, आणि वडील गेल्यावर त्याच्याकडे त्यांचं उरलं ते एवढंच. हे त्याने मला एकदाच सांगितलं.

तर त्याच्या डोक्यात आलं — गोलच्या मागचा तेवढा भाग उभं राहणाऱ्यांना द्यावा. खुर्च्या काढायच्या, प्रत्येक पायरीवर कमरेएवढा पक्का कठडा लावायचा, म्हणजे कुणी कुणावर कोसळणार नाही. गाणारे तिथे उभे राहतील, बसणारे बाकी ठिकाणी निवांत बसतील, भांडणच मिटलं. क्लबची माणसं म्हणाली, नेहमी येणाऱ्यांचं एकमत होत असेल तर वरच्या परवानगीचं बघू. ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये हमीदने मला सगळं समजावलं. दाबलेल्या भाताच्या वड्यांमध्ये साटेच्या, म्हणजे कोंबडीचे तुकडे भाजायच्या, काड्या खोचून त्याने कठडे उभे केले, काकडीचे तुकडे म्हणजे प्रेक्षक. “ही पुढची काकडी तू, ही मी,” म्हणाला. “तुझं कोल्हापूर इथे आणू, ब्रो.”

मी हसलो. आणि टेबलाखाली हात नेऊन गुडघा चोळला.

कारण माझा गुडघा तोवर गेला होता. इंजिनरूमच्या उभ्या शिड्या चढून-उतरून झिजला, दुसरं काही नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, फार वेळ उभं राहू नका. घरात भाजी चिरायलासुद्धा मी स्टूल ओढून बसायचो. मग काय अवघड होतं? “हमीद, मला नाही उभं राहवत, तू जा, मी पलीकडे बसतो” — एवढंच वाक्य. पण ज्याने आयुष्यभर बसणाऱ्यांची टिंगल केली त्याने हे बोलायचं कसं? आणि खरं सांगू? नुसता तोरा असता तर गिळला असता. मला तो शेजारी हवा होता. तो तिकडे नगारा वाजवणाऱ्या पोरांत गाणार, आणि मी इकडे एकटा, रिकाम्या खुर्च्यांमध्ये, भुईमुगाच्या शेंगा सोलत — हे चित्रच मला सहन होईना. म्हाताऱ्या माणसाने मित्रासाठी एवढं चिकट व्हावं? मी झालो.

इथे मला यार्डाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळणार नाही. यार्डात रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळे गोलाकार उभे राहतात. त्या वेळी कुणीही — फिटर असो, झाडूवाला असो — पुढे येऊन म्हणू शकतो, की मी असा अपघात पाहिलाय, हे काम असं करू नका. मग काम थांबतं. त्याला पुरावा मागत नाहीत, त्याची थट्टा करत नाहीत, त्याला मध्येच तोडत नाहीत. ही रीत हमीदने तिथे रुजवली, तिच्यासाठी मोठ्या साहेबांशी भांडला. तिच्यामुळे किती माणसं धडपणे घरी गेली असतील कोण जाणे. अपघात सांगणारा माणूस खोटं बोलणार नाही, यावर त्याचा देवावर असावा तसा विश्वास होता.

समर्थकांची बैठक त्याच कॉफी शॉपमध्ये झाली. बहुतेक जण राजी होते. हमीदने मोठ्या अभिमानाने मला पुढे केलं — हा बघा, हा उभ्या गर्दीत वाढलाय, याला विचारा. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी तोंड उघडलं.

मी म्हणालो, लहानपणी मी एक अपघात पाहिलाय.

बस. हमीदने हातातला कप खाली ठेवला. मग मला थांबताच येईना. कठडा तुटला, म्हणालो. मागची माणसं आमच्यावर कोसळली. माझा मित्र होता, दिलीप — हे नाव कुठून आलं देव जाणे — त्याचा पाय चिरडला, तो पुन्हा कधी धड चालला नाही. अजून गर्दीत उभं राहिलं की माझा श्वास कोंडतो. आवाजसुद्धा बरोबर जागी कापला माझा. कसा कापला? मला आजही त्याची लाज वाटते.

असं काही घडलेलं नव्हतं. दिलीप नावाचा मित्र नव्हता. उलट त्या पायऱ्यांवर मी जेवढा सुखात होतो तेवढा पुढे क्वचितच असेन. मी बुटका पोरगा. कुणीतरी अनोळखी काका मला उचलून कठड्यावर बसवायचे आणि अख्खी मॅच एका हाताने माझ्या चड्डीचा पट्टा धरून ठेवायचे, पडू नये म्हणून. गोल झाला तरी सोडायचे नाहीत. त्या हातांवर मी हा आळ घेतला. आणि जगात इतर ठिकाणी खरोखरच चेंगराचेंगरी झालीये, खरी माणसं खेळ बघायला गेली आणि परत आली नाहीत. ज्यांचं कुणी गेलं त्यांना उभ्या गर्दीची भीती बोलून दाखवायचा हक्क आहे. माझं काय गेलं होतं? मी त्यांच्या दुःखाआड लपलो, माझा गुडघा झाकायला.

हमीदने स्वतःच प्रस्ताव मागे घेतला. एक शब्द वाद नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून इतरांना म्हणाला, माणूस सांगतोय ना, मग थांबायचं. विषय संपला.

त्यानंतर तो माझ्याशी ज्या मायेने वागला ती मी घेत राहिलो, हे जास्त वाईट. त्याने आमच्या जागा बदलून घेतल्या — कडेच्या, जिन्याजवळच्या, म्हणजे मला घाबरायला झालं तर पटकन बाहेर पडता यावं. जिना उतरताना तो माझं कोपर धरतो. माझं लंगडणं त्याला दिसत होतंच. त्याने आपल्या मनाशी ठरवून टाकलं की तेही त्याच अपघातातलं, आणि कधी विचारलं नाही. मी गावी निघालो की दिलीपची चौकशी. एकदा तर क्लबची जर्सी दिली, दिलीपसाठी. ती मी पुतण्याला दिली आणि परत आल्यावर हमीदला सांगितलं, दिलीपच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पाणी हमीदच्या डोळ्यांत आलं. अशा माणसाला फसवायला काही अक्कल लागत नाही हो. नुसतं निर्लज्ज असावं लागतं.

आणि तो उभा राहीनासा झाला. माझ्यासाठी. चढाई आली की त्याची मांडी हलते, तो खुर्चीच्या कडेवर येतो, अर्धा उठतो — मग माझ्याकडे बघतो आणि बसतो. गाणी तो अजून म्हणतो, पण पुटपुटल्यासारखी. जाकीटवाल्या मुलीला आता त्याला काही सांगावं लागत नाही. मला शेजार मिळाला, अगदी हवा तसा. रोज एकत्र चहा, दर मॅचला एकत्र शेंगा. मी सुखी होतो का? होतो. तेही लपवत नाही.

तुम्ही विचाराल, मग माझं मत काय? उभं राहायची जागा परत यावी का? यावी. पक्के कठडे घालून, मोजून माणसं सोडून, जरूर यावी. ज्याचा गुडघा गेलाय त्याने आपल्या जागी बसावं आणि मित्राला गाऊ द्यावं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

यंदा क्लबमधल्या तरुण मंडळींनी तोच विषय पुन्हा काढला. बरीच तयारी करून आली होती पोरं. परदेशात कसे कठडे लावतात त्याचे फोटो, एका इंजिनिअर मुलीने केलेलं रेखाटन — हमीदच्या साटेच्या काड्यांसारखंच हुबेहूब. मला वाटलं, चला, आपोआप सुटलो. आता हमीद हो म्हणेल, सगळं होऊन जाईल, मला तोंड उघडायलाच लागणार नाही. भित्र्या माणसाला नेहमी वाटतं, आपलं काम दुसरं कुणीतरी करेल.

हमीद उठला. ते रेखाटन हातात घेऊन त्याने नीट पाहिलं, बोटाने एकेक कठडा मोजल्यासारखा केला. चांगलं काम आहे, म्हणाला. मग तो कागद खाली ठेवून त्याने दिलीपची गोष्ट सांगितली. माझ्यापेक्षा कितीतरी चांगली सांगितली. पाय चिरडल्यावर तो पोरगा कसा ओरडला असेल, त्याच्या आईला कुणी कळवलं असेल — इतकी वर्षं तो यावर विचार करत होता, हे मला तेव्हा कळलं. त्याचा तो गोदीभर घुमणारा आवाज फुटला. जोवर असा एकही माणूस आपल्यात बसलाय, तोवर मी याला हो म्हणणार नाही, म्हणाला. त्याने माझं नाव घेतलं नाही. इंजिनिअर मुलीने मात्र माझ्याकडे बघितलं आणि हलकेच मान झुकवली, माफी मागितल्यासारखी.

तेव्हा उठता आलं असतं. गुडघ्याने तेवढं नक्की पेललं असतं. मी बसून राहिलो.

मुलांनी कागद आवरले. आम्ही दोघं ब्लॉककडे निघालो, तो माझं कोपर धरून, माझ्या चालीने. लिफ्टची वाट बघताना म्हणाला, “डोन्ट वरी लाह. मी आहे तोवर तुला कुणी उभं करणार नाही.”

मी त्याला थँक यू म्हणालो.