पायाळू कोण हाये?

आश्विनात औंढ्याला जाऊ नये, असं मी सगळ्यांना सांगते. परतीचा पाऊस दुपारनंतर हमखास गाठतो. तरी मी दरवर्षी तेव्हाच जाते, कारण माझी आक्का आश्विनातच गेली. यंदा माझी अकरावीतली लेक, कोमल, सोबत होती.

वसमतहून सकाळची एसटी धरा. बायांना अर्धं तिकीट. भाकरी, ठेचा नि पाणी घरूनच न्या, विकत कशाला? नागनाथाच्या गाभाऱ्यात खाली वाकून उतरावं लागतं, गुडघेदुखीवाल्यांनी जपून. पिंडीवर हात ठेवला की मला दरसाली काही मागायचं सुचत नाही.

देवळाबाहेर एक म्हातारी कमर धरून कण्हत होती. उसण भरलेली. मी सहज बोलले, "मावशी, माझी लेक पायाळू हाये." पायाकडून जन्मलेली ती पायाळू. तिचा पाय लागला की उसण उतरते, असं आमच्याकडं मानतात. कोमलनं लाजत म्हातारीच्या कमरेला पाय लावला.

"उतरली गं माय! लग्न झाल्यावर सासूला बी असाच लाव!"

परतीची एसटी आलीच नाही. जीप धरली, मावशीही तीतच बसली. अर्ध्या वाटेत आभाळ काळं झालं. माणसं सोयाबीनच्या ढिगांवर ताडपत्र्या ओढत पळत होती. समोरच्या शेतात वीज कोसळली, तशी ड्रायव्हरनं गाडी थांबवली.

पुढचा टोपीवाला मागं वळला. "गाडीत कोणी पायाळू हाये का? असलं तर खाली उतरा. एकापायी समद्यायला काहून मारता?" पायाळूवर वीज पडते, हेही आमच्याकडं मानतात.

"काका, बंद गाडीत धोका कमी असतो," कोमल म्हणाली. "वीज वरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते. झाडाखाली उभं राहिलं तर मरतं माणूस."

"शाळा नको शिकवू. तू हाईस का पायाळू?"

तिनं तोंड उघडायच्या आत मी मुठीतला अंगारा पुढं केला. "नागनाथाची आण. डोक्यानं जन्मली ती."

मावशी माझ्याकडं बघतच राहिली. मग ती टोपीवाल्यावर खेकसली, "गप की रं! एवढा भेतूस तर तूच उतर!"

पाऊस ओसरल्यावर जीप वसमतला लागली.

घरी अंगारा देवापुढं ठेवायला हात होईना. "आई, देवाची खोटी आण काहून घेतलीस?" कोमलनं विचारलं. तेव्हा तिला पहिल्यांदा सांगितलं.

मी बारा वर्षांची होते. शेतात पत्र्याच्या खोपीत आम्ही सगळे पावसाला थांबलो होतो. चुलत्यानं असंच विचारलं, पायाळू कोण हाये? आक्काकडं बोट मी दाखवलं. डोक्यावरची पोत्याची खोळ तिनं माझ्या अंगावर टाकली नि कडूलिंबाखाली जाऊन उभी राहिली. वीज त्याच झाडावर पडली.

त्या दिवशी मी खरं बोलले होते.