एका सेंटरला एकच कॉम्प्युटर

“मॅडम, एका सेंटरमध्ये दोन कॉम्प्युटर असले तर?”

प्रश्न मागच्या बाकावरून आला. मी स्लाइड बदलता बदलता थांबले.

शनिवारची दुपार. डोंबिवली पूर्वेला एका कोचिंग क्लासच्या वर्गात आमचा मीटअप चालू होता. मीटअप म्हणजे आसपासचे प्रोग्रामर सुट्टीच्या दिवशी जमतात, एकजण आपल्या कामातलं काहीतरी सांगतो आणि बाकीचे त्याला प्रश्न विचारतात. फी नाही, सर्टिफिकेट नाही. मी ठाण्याच्या एका कंपनीत टीम लीड आहे. मोठ्या हॉटेलांतल्या कॉन्फरन्सना ऑफिसतर्फे बरेचदा गेलेले, पण नेहमी खुर्चीत बसून ऐकायला. बोलायला उभी राहिले ती इथेच, आणि तेही मराठीतून. मीटअप भरवणाऱ्या निनादची तशी अटच होती. “ताई, स्लाइड इंग्लिशमध्ये चालेल, पण बोलायचं घरच्यासारखं.”

विषय माझ्या हातातल्या कामाचा होता. आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करत होतो. तुम्ही रक्त द्यायला कलेक्शन सेंटरला जाता, तेव्हा ट्यूबवर एक स्टिकर लागतो. त्यावर नंबर असतो. ट्यूब मोठ्या लॅबमध्ये गेली की तिथल्या मशीनला तुमचं नाव माहीत नसतं, फक्त तो नंबर माहीत असतो. हा नंबर एरवी लॅबच्या मुख्य सर्व्हरवरून येतो. पण सेंटरचं इंटरनेट गेलं तर काम अडायला नको, म्हणून आम्ही ऑफलाइन मोड केलेला. नेट नसताना सेंटरचा कॉम्प्युटर स्वतःच नंबर देणार: सेंटरचा कोड, तारीख आणि एकपासून पुढे मोजत जायचं. नेट आलं की सगळं सर्व्हरला कळवायचं. डिझाइन माझं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. बुधवारी ते सगळ्या सेंटरना जाणार होतं.

“एका सेंटरला एकच कॉम्प्युटर असतो,” मी म्हणाले. “क्लायंटने तसं लिहून दिलंय.”

प्रश्न विचारणारी बाई उभी राहिली. पस्तिशीची असेल. “लिहून देणारे सकाळी सात वाजता सेंटरला नसतात, मॅडम.”

वर्गात हशा पिकला. मीही हसले, “बघते” म्हणाले आणि पुढच्या स्लाइडवर गेले. शेवटी टाळ्या मिळाल्या. पण उरलेला वेळ मी काय बोलले ते मला आठवत नाही. दोन कॉम्प्युटर म्हणजे एकाच दवाखान्यात दोन वेगळी टोकन-बुकं. दोन्ही एकपासून सुरू होणार. म्हणजे एकाच नंबरचे दोन स्टिकर, दोन वेगळ्या माणसांच्या ट्यूबवर.

चहाच्या वेळी मी तिला गाठलं. तिचं नाव प्रज्ञा. मोहन्याला राहायची, कल्याणच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होती. रिपोर्टची कामं सोपी व्हावीत म्हणून घरी बसून प्रोग्रामिंग शिकत होती आणि मीटअपला पहिल्यांदाच आलेली.

“रागावलात का?” तिने विचारलं.

“नाही. तुमच्याकडे खरंच दोन कॉम्प्युटर असतात?”

“फास्टिंगवाल्यांची गर्दी असली की आतला लॅपटॉप पण लावतो आम्ही. नाहीतर उपाशी माणसं भांडायला उठतात.” तिने चहाचा कप खाली ठेवला. “आमच्याकडे पूर्वी नंबर हाताने लिहायचो. एकदा दोघांना एकच नंबर पडला. डॉक्टरांनी एका आजोबांना दुसऱ्याच कुणाच्या शुगरच्या रिपोर्टवर गोळी वाढवून दिली. घरी चक्कर येऊन पडले. वाचले, पण मुलगा लॅबमध्ये येऊन रडला. ते मी विसरत नाही.”

रविवारी मी घरी दोन लॅपटॉप शेजारी ठेवले, दोन्हीचं वायफाय बंद केलं आणि एका सेंटरच्या नावाने खोटे पेशंट भरले. पहिलाच नंबर दोन्हीकडे सारखा. वायफाय चालू केल्यावर सर्व्हरने निमूटपणे पहिलं नाव पुसून त्या जागी दुसऱ्याचं लिहिलं. एरर नाही, काही नाही. टेस्टिंगमध्ये हे सापडणं शक्यच नव्हतं, कारण टेस्ट करणाऱ्यांनाही मीच सांगितलेलं, की कॉम्प्युटर एकच.

सोमवारी मिलिंद सरांच्या केबिनमध्ये गेले. सर आमचे डिलिव्हरी हेड. माणूस वाईट नाही, पण तारखेचा पक्का.

“बुधवारची रिलीज थांबवावी लागेल, सर.”

“का?”

मी दोन्ही लॅपटॉप टेबलावर ठेवून दाखवलं. सरांनी शांतपणे बघितलं.

“हे तुला कुठे कळलं?”

“मीटअपमध्ये. एका लॅब टेक्निशियनने विचारलं.”

“म्हणजे बाहेरचं कोणीतरी एक प्रश्न विचारणार आणि आपण तारीख बदलायची? क्लायंटने लेखी दिलंय ना? मग जबाबदारी त्यांची.”

“चूक कोणाची ते नंतर ठरेल. कोणाचा तरी रिपोर्ट आधी बदलेल.”

“असं होण्याची शक्यता किती आहे, वैशाली? नेट जायला हवं, त्याच वेळी दोन कॉम्प्युटर चालू हवेत...”

“नेट जाईल म्हणूनच तर हे बनवलंय, सर.”

त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाले, “बुधवारी जाऊ दे. नंतर दुरुस्तीचा पॅच देऊ.”

रिलीजच्या कागदावर टीम लीडची सही लागते. “मी सही करणार नाही,” मी म्हणाले. “तुम्हाला माझ्याशिवाय पाठवायचं असेल तर पाठवा. मी का थांबवत होते ते मेलवर लिहून ठेवेन.”

“धमकी देतेस?”

“नाही. उद्या सकाळी माझ्याबरोबर एका सेंटरला चला. तिथे एकच कॉम्प्युटर दिसला तर तिथेच सही करते.”

सरांनी खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी फोन उचलला आणि क्लायंटकडून कल्याणच्या एका सेंटरचा पत्ता मागून घेतला.

मंगळवारी साडेसातला आम्ही तिथे पोचलो. जिन्यापर्यंत रांग. काउंटरवर एक कॉम्प्युटर. सरांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात आतून एक ताई ओरडली, “पुढचे दोघे इकडे या, इकडे पण एंट्री होते!” आम्ही आत डोकावलो. स्टुलावर लॅपटॉप, शेजारी स्टिकरचा छोटा प्रिंटर.

“हा रोज लावता?” सरांनी विचारलं.

“रोज. आणि घरी जाऊन ब्लड घेणाऱ्याचा टॅब वेगळा.”

म्हणजे तीन. सर बाहेर गेले आणि जिन्यात उभं राहूनच त्यांनी क्लायंटला फोन लावला. मला फक्त त्यांची बाजू ऐकू आली. “हो, मी स्वतः बघतोय... नाही, बुधवारी नाही.”

दुरुस्ती अवघड नव्हती. प्रत्येक कॉम्प्युटरला, टॅबला स्वतःचं एक अक्षर दिलं आणि ते नंबरात घातलं. तरी सगळं पुन्हा तपासून पाठवायला तीन आठवडे लागले. क्लायंट चिडला, वरून सरांना बोलणी बसली, ती त्यांनी माझ्यापर्यंत येऊ दिली नाहीत. त्या वर्षीच्या माझ्या अप्रेझलमध्ये मात्र ‘डेडलाइन चुकली’ असा शेरा आहे. तो खरा आहे, म्हणून मी त्यावर काही लिहिलं नाही.

प्रज्ञाला आमच्याकडे टेस्टिंगच्या जागेसाठी बोलावलं. एचआरने तिची डिग्री विचारली. सरांनी एचआरला सांगितलं की डिग्रीवाले आम्ही सगळे आहोतच. आता ती माझ्या टीममध्ये आहे आणि माझ्या डिझाइनवर तिचे प्रश्न चालूच असतात. काही अगदीच निरर्थक असतात. तरी मी सगळ्यांची उत्तरं देते.

या धंद्यात इतकी वर्षं काढून मी एवढंच शिकले: आपलं काम अधूनमधून अशा माणसांना समजावून सांगावं, ज्यांना आपल्याला खूश ठेवायची काहीच गरज नाही. आणि ते शक्यतो रिलीजच्या आधी सांगावं.