मिस्त्रींची चार वाजताची झोप

आमचे खुलताबादचे मिस्त्री खोली झाली असं नुसतं तोंडानं सांगत नाहीत. भर उन्हाळ्यात दुपारी चारला ते तिथंच फरशीवर आडवे होतात. झोप लागली, तरच काम पास.

तीस वर्षांपूर्वी माझ्या नव्या खोलीत ते पाच मिनिटांत घामाघूम होऊन उठले होते. "नींद नाय आली, भाभी. पश्चिमेची काच काढू, छज्जा देऊ."

"झोपायचंय कुणाला, मला का तुम्हाला?" मी फणकारले. काचेची भिंत मासिकात होती ना! तेव्हा मी ऊनसुद्धा मासिकात बघूनच ठरवायची.

यंदा लेकीनं फोनवर सुनावलं, "आई, पहिल्या वेळी तुझ्या त्या काचेच्या भट्टीत भाजून निघाले. आता बाळंतपण सासरीच."

मुकाट्यानं मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी काच काढून विटांची जाळी बांधली, वर छज्जा दिला. 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाले नाहीत. मी तयार ठेवलेली चार खोचक उत्तरं वाया गेली.

काल चारला चहा घेऊन गेले, तर मिस्त्री घोरत होते. मी लेकीला फोन लावला आणि तो त्यांच्या नाकाजवळ धरला.

"आई, हे काय गं?"

"तुझी खोली तयार झाली. ये."