अंड्यावाली मॅडम

किरनापूरहून स्कूटीवर येणाऱ्या शेती खात्याच्या मॅडमचं नाव मी कधी विचारलंच नाही. गाव त्यांना अंड्यावाली मॅडम म्हणायचं. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं अंडं असायचं. ते बादलीभर पाण्यात सोडायचं, तरंगेपर्यंत मीठ घालायचं, मग त्यात धानाचं बियाणं ओतायचं.

आमच्या घरात अंड्याला बंदी, म्हणून बादली अंगणात मांडली. बाबांचं निम्मं बियाणं वर आलं.

"काहून तरंगते?" बाबा चिडले.

"पोकळ हाय, काका. वावरात दगा देण्यापरीस बादलीत दिला, बरं झालं," त्या हसल्या.

यंदा त्यांची बदली झाली. पेरणीआधी बाबा बाजारातून आले ते खिशावर हात धरून, जपून चालत. खिशातून त्यांनी रुमालाची गुंडाळी काढली.

"बादली आण," मला म्हणाले, "अन् शेजाऱ्यायले बोलाव."

आता गाव बाबांना काय म्हणतं, ते त्यांच्यासमोर कोणी बोलत नाही.