नव्या बाकांच्या रंगाखाली जनीताईंचं नाव

मंडळी, आज दुपारी सूर्यमाळच्या आमच्या शाळेत ठेकेदाराच्या टेम्पोतून 'नवे' लाकडी बाक आले. निळा रंग अजून बोटांना चिकटत होता. मला तिथेच शंका आली.

टेम्पोवाला घाई करत होता, "बाई, पोचपावतीवर सही करा ना."

मी एका बाकावरून हात फिरवला, तर रंगाखाली कोरलेली अक्षरं लागली. खिचडी शिजवणाऱ्या जनीताई वाकून बघायला लागल्या.

"बाई, हे तर माझंच नाव! चौथीत असताना खिळ्यानं कोरलेलं."

म्हणजे गेल्या वर्षी मोडीत काढायला नेलेले आमचेच बाक! मी पावतीवर लिहिलं, 'आमचे जुने बाक रंगवून परत मिळाले', आणि सही केली.

तेव्हापासून अनोळखी नंबरवरून तीन फोन आलेत. उचलू का?