दुपारचा पूल

प्रादेशिक रस्ते कार्यालयात तिला भरवसाबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ठाऊक होतं. तिच्या आधी त्या खुर्चीवर बसणाऱ्या गृहस्थांना सगळे 'उद्या या' म्हणायचे, त्या मानाने ती स्वस्तात सुटली होती.

नाव पडण्याचं कारण असं. कुठला रस्ता रुंद करायचा, कुठे नवा पूल घ्यायचा, हे ठरवणाऱ्या शाखेत ती अभियंता होती. पूर्वी हे ठरायचं ते ज्याचा आवाज मोठा त्याच्या गावाकडे बघून. मग निकष आले. प्रत्येक रस्त्याची कामगिरी मोजायची आणि जो सगळ्यात मागे पडेल त्याला आधी हात घालायचा. मोजायचं काय, तर प्रवासाला लागणारा सरासरी वेळ. तिला ही सरासरी कधीच पटली नाही. एक दिवस चार वेळा जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी उपाशी राहायचं, तरी सरासरीने पोट भरलेलंच, असं ती म्हणायची. माणूस घरातून लवकर निघतो तो सरासरीला घाबरून नाही, वाईट दिवसाला घाबरून. तेव्हा वाईट दिवशी किती वेळ लागतो ते मोजा, रस्त्याचा भरवसा मोजा. हे तिनं बैठकीमागून बैठकीत सांगितलं, नकाशे पसरून सांगितलं, चहाच्या रांगेत उभ्या उभ्या सांगितलं. शेवटी विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, ते पटून म्हणा की कंटाळून म्हणा, हो म्हणाले.

वाईट दिवसाची ओळख तिला घरातूनच झाली होती. बाबा आयुष्यभर लेथ मशीनवर उभे राहिलेले. आता त्यांची मूत्रपिंडं थकली होती आणि आठवड्यातून तीनदा, दुपारी, त्यांना डायलिसिसला न्यावं लागे. इस्पितळ नदीपलीकडे, आणि नदीवर एकच जुना पूल. समोरासमोर दोन ट्रक आले की एकाने मागे सरायचं. भाऊ बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने घरी नाही. त्यामुळे गाडी चालवायची ती वहिनीनं. वहिनीचं पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान होतं. पूल मोकळा असला तर पलीकडे पोचायला काहीच लागत नसे. अडला तर देव जाणे. आणि उशीर झाला की बाबांचं मशीन दुसऱ्याला जायचं. म्हणून वहिनी सकाळीच दुकानाचं दार ओढून निघायची आणि दोघं इस्पितळाच्या बाकावर भिंतीकडे बघत बसायची. बंद दार बघून गिऱ्हाइकं परत जात होती. काही जणी आता येतच नव्हत्या.

"तुझा तो भरवसा एकदा येऊ दे," वहिनी दोरा ओवता ओवता म्हणायची, "म्हणजे मी दुकानाची पाटी पुन्हा रंगवून घेते."

ती नुसती हसायची. मनात मात्र तिनं तिथला नवा पूल केव्हाच बांधून टाकला होता.

नव्या मोजणीला तिनंच एक शिस्त लावली होती. वाहनांच्या प्रवासाच्या वेळा दिवसभर गोळा होत, पण निकषात कुठले तास धरायचे हे आकडे उघडण्याआधी ठरवायचं, त्यावर सगळ्यांनी सह्या करायच्या, आणि मगच आकडे उघडायचे. आकडे बघून तास निवडले तर हवा तो रस्ता हवा तिथे नेऊन बसवता येतो, हे तिच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. तास ठरले: सकाळी ऑफिसं भरतानाचे आणि संध्याकाळी सुटतानाचे. सूचना तिचीच. सगळीकडे तसंच करतात.

आकडे उघडले आणि तिच्या घराजवळचा पूल यादीत पार तळाला निघाला. म्हणजे अत्यंत भरवशाचा.

तिनं पुन्हा तपासलं. चूक आकड्यांत नव्हती. पलीकडच्या खाणींच्या ट्रकना सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी बंदी होती. ते सुटायचे मधल्या वेळात, आणि मग दुपारभर पुलावर एकमेकांना मागे ढकलत राहायचे. ती स्वतः रोज सकाळी त्याच पुलावरून बसने ऑफिसला यायची. खिडकीला डोकं टेकून, बहुतेकदा पेंगत. बस एकदाही थांबली नव्हती. दुपारी त्या पुलावर ती कधी गेलीच नव्हती, कारण दुपारी ती इथे बसून रस्ते मोजत असायची. गर्दीचे तास म्हणजे आपले तास, हे तिनं इतकं गृहीत धरलं होतं की घरात रोज ऐकलेली दुपार तिला निकष लिहिताना आठवलीच नाही.

शेजारच्या टेबलावर नकाशेकाका बसत. आराखडे काढणारे, निवृत्तीला टेकलेले, तिच्या घरची हकीकत ठाऊक असलेले. ते खुर्ची जरा सरकवून हळू आवाजात म्हणाले की तेवढ्या पुलापुरते दुपारचे दोन तास धरून टाक, खोटं थोडंच आहे ते. खोटं नव्हतंच. म्हणून तर तो सल्ला तिला दिवसभर डासासारखा छळत राहिला. त्या दिवशी घरी वहिनीनं विचारलं, काय म्हणतोय भरवसा, तर तिनं डोकं दुखतंय सांगून दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली आणि उभ्यानंच म्हणाली, "साहेब, तास चुकले. मी चुकवले."

साहेबांनी चष्मा काढला. त्या पुलावर दुपारी काय होतं आणि दुपारी कोण प्रवास करतं ते ती सांगत गेली: डायलिसिसचे, बाळंतपणाचे, कोर्टाच्या तारखेचे, दुसऱ्या पाळीचे कामगार. ज्यांना वाईट दिवस परवडत नाही, तेच नेमके निकषातून गळले होते. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडे घर कुणाचं आहे?"

"माझं."

"मग मी हे कसं ऐकून घेऊ, बाई? आकडे बघून तास बदलायचे नाहीत, हा नियम तुमचाच ना?"

"माझाच. म्हणून एका पुलाचे नकोत, सगळ्या रस्त्यांचे दुपारचे तास धरा. ते आकडे अजून कुणी उघडलेले नाहीत, मीही नाही. आणि मला हातही लावू देऊ नका. देखभाल शाखेकडून करून घ्या."

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला आणि देखभाल शाखेला चिठ्ठी लिहिली. कुठलं काम घ्यायचं ते ठरवायची बैठक तोंडावर आली होती. तोवर झालं तर झालं, असं ते म्हणाले.

देखभाल शाखेचे प्रमुख म्हणजे पेन शोधण्यात सकाळ घालवणारा माणूस. ती रोज सकाळी त्यांच्या खोलीत जाऊन समोर बसायची. आकड्यांबद्दल चकार शब्द नाही. नुसती बसायची, आपलं पेन त्यांच्यापुढे ठेवून. चौथ्या की पाचव्या दिवशी ते म्हणाले की बाई, तुम्ही इथून उठाल तर बरं, तुमच्या बसण्यानं मला कामाची सवय लागेल. पण काम झालं.

बैठकीत निकाल त्यांनीच वाचला. पूल तळातून उसळी मारून वर आला होता. दुसरा. पहिला होता टेकडीमागचा एक रस्ता, तिनं फक्त नकाशावर पाहिलेला. तिथे दुपारी मालगाडीसाठी फाटक पडायचं ते उघडेल तेव्हा उघडेल, आणि फाटकापलीकडे त्या भागातलं एकुलतं एक प्रसूतिगृह होतं. या खेपेला काम एकाच ठिकाणी घेता येणार होतं.

कुणीतरी म्हणालं की दोघांत फरक तो काय, आणि पुलाचा आराखडा तर तयारच आहे. नकाशेकाकांनी खोकून दुजोरा दिला. मोठे साहेब तिच्याकडे बघत होते. तिला पुढच्या खोलीतलं बंद दार दिसलं, शिवणयंत्रावर टाकलेलं फडकं दिसलं.

"पहिला तो पहिला," ती म्हणाली. आवाज तिला वाटलं होतं त्यापेक्षा चांगला निघाला.

घरी तिनं सगळं सांगितलं, नकाशेकाकांच्या सल्ल्यासकट. वहिनीची कात्री कापडातच थांबली.

"म्हणजे सगळ्या जगाला न्याय, आणि घरच्यांना दुसरा नंबर."

"हो."

"त्या फाटकावर खरंच बायका अडकतात?"

"अडकतात."

"तुझं बरोबर आहे गं," वहिनी म्हणाली. "म्हणूनच जास्त राग येतो. चुकली असतीस तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते." आणि तिनं कात्री अशी चालवली की कापडाचीच कीव यावी. बाबा पलंगावरून म्हणाले की दुसरा नंबर आम्हाला शाळेतही कधी मिळाला नव्हता.

ती रात्रभर विचार करत बसली नाही. तसा तिचा स्वभावच नव्हता. सकाळी ऑफिसला जाऊन तिनं अर्ज दिला: बाबांच्या तीन दुपारींपैकी दोन दुपारी ती अर्धी रजा घेणार, आणि राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन भरून काढणार. साहेबांनी सही करताना विचारलं, किती दिवस? पूल पहिला येईपर्यंत, ती म्हणाली. रजेच्या पहिल्या दुपारी घरी येऊन तिनं हुकावरची गाडीची किल्ली काढून घेतली. वहिनीनं बाबांची शाल आणून तिच्या हातात दिली, त्यांना डाव्या बाजूनं वारा सोसत नाही एवढं सांगितलं, आणि दुकानाचं दार सताड उघडलं.

पुलावर ते अडकले. पुढे ट्रक, मागे ट्रक, खाली नदीचं संथ पाणी. दगडांची धूळ काचेवर बसत होती. पुढचा ड्रायव्हर उतरून हातवारे करत होता आणि समोरचा ऐकत नव्हता. ती पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होती; मशीन जाईल का, जाईल का. वहिनी इतके दिवस या धास्तीसकट परत येऊन शिवणयंत्रावर बसत होती.

"मोजतेस का?" बाबांनी विचारलं.

"नाही. नुसती बसलेय."

बाबांनी मान डोलावली. थोड्या वेळाने ती दार उघडून खाली उतरली आणि धुळीतून चालत त्या दोन ड्रायव्हरांकडे गेली, आधी कोणी मागे सरायचं ते ठरवायला.