पोत्याची मालकीण

शिंपीणबाईंच्या लेकीला सगळे ठिणगी म्हणतात. हे नाव तिच्या चपळाईमुळे पडलं की स्वभावामुळे, हे जाणून घ्यायचं असेल तर तिच्यासमोर तिच्या मावसबहिणीचं कौतुक करून बघावं. फक्त थोडं लांब उभं राहून.

ही मावसबहीण, म्हणजे बाहुली, आणि ठिणगी एकाच दिवशी घोडेस्वारी शिकायला गेल्या. मास्तरांनी दोघींना न्याहाळलं आणि बाहुलीला रेशीम दिली. लांब मानेची पिंगट घोडी. चालायची अशी, की जमिनीला आपला भार होऊ नये म्हणून जपतेय. ठिणगीच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. आधी कातरी नावाचा घोडा. खोगिराचा पट्टा आवळायला कुणी वाकलं की तो मागून चिमटा काढायचा. मग आजोबा नावाचा म्हातारा घोडा. ते चालता चालता डुलकी घेत. आणि शेवटी कायमचं गळ्यात पडलं ते पोतं. हे एक बुटकं, ढेरपोटं तट्टू. कान सदैव मागे पाडलेले, जणू जगानं त्याचा घोर अपमान केला होता.

“मास्तर, हा हलत नाही!”

“टाच मार.”

“मारली.”

“मग जोरात मार! तुझ्या पायांत ताकद आहे, म्हणून तर दिला तुला.”

मास्तरांच्या मते ही शाबासकी होती. ठिणगीला मात्र त्यात एवढंच ऐकू आलं, की रेशीम तुझ्या नशिबात नाही.

संध्याकाळी मावशी पडदे शिवायला टाकायच्या निमित्तानं यायची आणि शिलाई मशीनशेजारी ठाण मांडायची. “आमची काही करतच नाही गं ताई, नुसती बसते. सगळं ती घोडीच करते.”

“मग प्रमाणपत्रही घोडीलाच द्या, मावशी,” पॅंटवरचे तट्टाचे केस वेचत ठिणगी म्हणाली. आईच्या ओठांत टाचण्या होत्या, म्हणून नुसत्या डोळे वटारण्यावर भागलं.

तबेल्याचं वार्षिक प्रदर्शन जवळ आलं. त्यात रेशीम सर्वांत पुढे चालणार होती. मास्तरांचा एक रिवाज होता: प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी सगळ्यांनी एक दिवस घोड्यांची अदलाबदल करायची आणि त्यानंतरच कोण कशावर बसणार ते ठरायचं. ठिणगीनं त्या दिवसाकडे डोळे लावले होते. बाहुलीला पोत्यावर बसलेलं बघायचं, याचा आनंद तर रेशमीहून काकणभर जास्तच होता.

तो दिवस उजाडला. ठिणगी रेशमीवर बसली, पाठ ताठ केली, बाहुलीकडे एक कटाक्ष टाकला आणि सवयीप्रमाणे टाच मारली. पोत्याला मारायची तशी, सणसणीत.

रेशमीला असं आजवर कुणी वागवलं नव्हतं. ती उधळली. रिंगणाला चौखूर फेऱ्या घालू लागली आणि ठिणगी तिच्या मानेला अशी बिलगली, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, केवढं हे प्रेम!

“टाच काढ! अगं, पाय सैल सोड!” मास्तर ओरडत होते.

पाय सुटले तशी घोडी हळू झाली आणि थरथरत उभी राहिली. धापा टाकत ठिणगीनं मान वर केली. आता बाहुलीची फजिती तरी बघावी!

बाहुलीनं टाच मारलीच नव्हती. रेशमीवर शिकलेल्या मुलीला ती मारता येतच नव्हती. ती वाकून पोत्याच्या मानेच्या बुडाशी खाजवत होती आणि कानात काहीतरी पुटपुटत होती. आणि पोतं चाललं. नुसतं चाललं नाही, दुडक्या चालीनं निघालं. दोन्ही कान पुढे! त्या कानांना पुढे जाता येतं, हे ठिणगीला आज कळत होतं.

“वा!” मास्तर म्हणाले. “ठिणगे, रेशीम हवी होती ना तुला? चार दिवसांत पाय हलका करून घेऊ. बस तिच्यावर.”

“मग मी याच्यावर बसते,” बाहुली लाडात आली. “किती गोड आहे हा! हसतो माझ्याकडे बघून.”

हसतो? ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती रेशमीवरून उतरली, रिंगण ओलांडून गेली आणि तिनं पोत्याचा लगाम धरला.

“उतर.”

“अगं पण, तूच म्हणायचीस ना, हा भिकार आहे?”

“मी म्हणेन. माझा आहे तो. तुझी घोडी तिकडे उभी आहे.”

“नक्की ना?” मास्तरांनी विचारलं. “मग रांगेत शेवटी राहशील.”

“राहीन.”

जाता जाता रेशमीवर बसलेल्या बाहुलीकडे तिनं दोनदा वळून पाहिलंच; हेवा काही एका दिवसात जाणारा नव्हता. तरी ठिणगी पोत्याला घेऊन तबेल्यात गेली, खोगीर उतरवलं आणि बाहुलीनं खाजवलं होतं नेमकं तिथंच बोटं रुतवली. पोत्याचा खालचा ओठ लोंबला, डोळे अर्धे मिटले.

तिनं आजूबाजूला कुणी नाही ना, ते पाहिलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन दरडावलं, “काय सांगत होती रे ती तुला?”